बांधणीचं वजन

माल परदेशी पाठवायचं काम बघणाऱ्या यशराजने कॅल्क्युलेटरवरचा आकडा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वजाबाकी मारली, आणि तोच आकडा परत आला तेव्हा कॅल्क्युलेटर टेबलावर पालथा ठेवून दिला.

"दोन हजार सहाशे चाळीस," तो म्हणाला. "दोन्ही डब्यांत तेवढाच फरक. नाना, काटा बिघडला असता तर एकदा वीस किलो इकडं, एकदा पन्नास तिकडं, असं काहीतरी झालं असतं. हे एकसारखं कसं आलं?"

नानासो थोरात खिडकीतून बाहेर वजनकाट्याकडे बघत होते. काट्यावर मोकळा ट्रेलर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर धनाजी चार पावलं लांब उभा राहून तंबाखू मळत होता. गाडी काट्यावर असताना ड्रायव्हरने खाली उतरायचं आणि चार पावलं लांब राहायचं, हा नानासोंचा दंडक. त्यापायी ड्रायव्हर लोक त्यांना पाठीमागे 'सोनार' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं तेव्हा वरकरणी ते रागावले होते, पण मनातून त्यांना बरंच वाटलं होतं.

"काट्याला नावं ठेवू नका सायेब. मागच्या म्हैन्यात वजनमापवाल्यांनी तपासून शिक्का मारलाय."

"मग हे अडीच टन गेले कुठं?"

"जात्यात कुठं? ती बांधणी हाय. ती मी वजा करतो."

यशराजने मान वर केली.

नानासोंचे एकतीस गाळप हंगाम साखर कारखान्याच्या काट्यावर गेले होते. उसाची मोळी वाढ्यांनी, म्हणजे उसाच्याच शेंड्याच्या पाल्याने, बांधलेली असते, आणि त्या वाढ्यांतून काही साखर निघत नाही. म्हणून भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, मोकळ्या गाडीचं त्यातून काढायचं, आणि जे उरेल त्यातून बांधणी वजा करायची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलेली ही गोष्ट त्यांच्या हाताला अशी बसली होती की त्यासाठी डोकं लावावं लागत नसे. शेतकरी कुरकुरायचे. पण नानासोंनी एखाद्याच्या मोळीतून मूठभर जास्त कापलं किंवा संचालकाच्या गाडीला मूठभर सूट दिली, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बांधणी मालात धरणं ही त्यांच्या लेखी सरळसरळ चोरी होती.

निवृत्तीनंतर इस्लामपूरजवळच्या या बॅटरीच्या कारखान्याने त्यांना काट्यावर बसवलं ते त्याच लौकिकावर. इथे बॅटऱ्यांची पुरुषभर उंचीची कपाटं तयार होत. परदेशात कुठे तरी डिझेलशिवाय चालणाऱ्या बोटी निघाल्या होत्या, त्यांच्या पोटात ही कपाटं बसत. लोखंडी डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, कपाटं भरली की ती हलू नयेत म्हणून भोवती लाकडाच्या तुळया, लोखंडी चौकटी आणि जाड पट्टे ठोकून बसवत, कारण बॅटरी आदळली तर पेटते. नानासोंनी पहिल्याच महिन्यात ते सगळं लाकूड-लोखंड वेगळं काट्यावर चढवून घेतलं. दोन हजार सहाशे चाळीस किलो भरलं. तेव्हापासून प्रत्येक डब्याच्या वजनातून तेवढं वजा करून ते माल नेणाऱ्या बोटीचा फॉर्म भरत आले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी करत होते. उलट, सांगितल्याशिवाय करतो याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

"नाना," यशराज हळू आवाजात म्हणाला, "बोटीला सगळं धरून वजन लागतं. डबा, माल, लाकूड, खिळासुद्धा. तोच तर नियम आहे. बोटीवर डब्यांचे थर लावतात ते या कागदावर. जड डबे खाली, हलके वर. डबा उघडून बघत नाही कुणी. आपला कागद बघतात."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"फॉर्मवर लिहिलंय."

"इंग्रजीत."

काट्यावर नवीन माणूस आला की त्याला फॉर्म समजावून द्यायचा, हे काम यशराजचं होतं. त्या वेळी त्याने नानासोंच्या एकतीस वर्षांकडे बघून हात जोडले होते आणि 'तुम्हाला मी काय शिकवणार' असं म्हणाला होता.

"आपले आठ डबे एका बोटीवर होते," तो पुढे बोलू लागला. "कागदावर हलके, म्हणून सगळ्यात वर ठेवलेले. दिवाळीच्या आधी वादळात थर कोसळला. सहा समुद्रात गेले, दोन राहिले. ते दोन तिकडच्या बंदरात तोलले आणि आता विचारतायत की वजन का जुळत नाही."

"माणसं?"

"एक गेला. एकाचा पाय कापावा लागला. दोघं आपल्याकडचेच, माण तालुक्यातले. पेपरात आलं होतं बघा." यशराजने कागद गोळा केले. "पण त्याची चौकशी कधीच पुरी झाली, नाना. डबे धरून ठेवणाऱ्या सळया असतात, त्या आवळायला हे दोघं गेले होते. गेलेल्या माणसानं त्या नीट आवळल्या नाहीत असं ठरलंय. केस बंद. आपल्याला फक्त या दोन डब्यांचं विचारलंय. काटा नादुरुस्त होता असं कळवून टाकतो. तुमचं नाव कुठं येणार नाही."

यशराज वाईट पोरगा नव्हता. पुढच्या डब्यापासून काय करायचं ते त्याने नीट सांगितलं, जाताना नानासोंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चहा पाठवून देतो म्हणाला.

"काटा बरोबर हाय," नानासो म्हणाले. पण तोवर यशराज बाहेर पडला होता.

त्या दिवशी त्यांनी आणखी चार गाड्या तोलल्या. संध्याकाळी घरी गेले, हातपाय धुतले, जेवायला बसले. जेवण झाल्यावर हरणाबाई कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आमटीत मीठ घालायचं इसरले हुते मी."

"बरं."

"बरं काय? दोन वाट्या वरपल्या तुमी. एरवी मिठाचा खडा कमी पडला तर ताट सरकवता."

नानासोंना खरंच कळलं नव्हतं. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. इंजेक्शनचा अंमल उतरला की दुखू लागेल, म्हणून ते वाट बघत राहिले. आपल्या हातून माणूस मेला, असं ते मनात शब्द जुळवून म्हणून बघत. वाक्य बरोबर होतं, पण त्याचं काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं की छाती धडधडत नव्हती. रात्री पडल्या पडल्या झोपही लागत होती, आणि या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

असे नऊ दिवस गेले. मधल्या काळात त्यांनी ग्रंथालयात जाऊन दिवाळीच्या सुमाराचे पेपर चाळले आणि ती बातमी शोधून काढली. चार ओळींची होती. दहिवडीच्या पुढच्या एका वाडीचं नाव, आणि राजरत्न धोंडिराम खरात, वय तीस. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी समुद्रात गेलेल्या सहा डब्यांच्या वजनाच्या पावत्यांच्या नकला काढल्या, घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि पायताण घातलं.

"कुठं निघाला?" हरणाबाईंनी विचारलं.

"माणात. एक जण गेलाय. भेटून येतो."

"माणात कोण हाय आपलं?"

"कुणी न्हाई," नानासो म्हणाले आणि निघाले.

कराडला गाडी बदलली, वडूजला पुन्हा बदलली. कृष्णाकाठचा ऊस मागे पडला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काढणी झालेल्या ज्वारीची रानं आली, मग तीही विरळ झाली आणि नुसते उघडे माळ लागले. नानासो खिडकीशी बसून सगळं बघत होते. शेजारच्या माणसाने त्यांना गावाचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. पावणे कोण, कुणाकडे, कशाला, असं तो पुढे विचारत राहिला, आणि नानासो उत्तर देता देता थांबले तेव्हा तो बिचारा ओशाळून दुसरीकडे बघू लागला.

वाडीच्या फाट्यावर ते उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. एक बाई शेरडं घेऊन माळाकडे निघाली होती. नानासोंनी तिला धोंडिराम खरातांचं घर विचारलं.

"कोन धोंडिराम?"

"ज्यांचा मुलगा बोटीवर हुता."

"असं म्हना की. ज्यानं आर्जुनाचा पाय घालवला त्येचं घर." तिने काठीने वाट दाखवली. "समाजमंदिराच्या मागं. समोरच आर्जुनाचं. दारासमोर दार हाय, पर पाच म्हैनं झालं, हिकडचं मानूस तिकडं जात न्हाई."

नानासो जरा वेळ तिथेच उभे राहिले. माणूस मेला एवढंच घेऊन ते इथवर आले होते. मेलेल्या माणसाला अजून कुणी तरी रोज बोल लावतंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं होतं. बाजूला तिसऱ्या खोलीच्या भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या होत्या आणि विटांच्या ढिगावर शेळीचं पिल्लू उभं होतं. अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा बसला होता. समोरच्या घराचं दार लावलेलं होतं.

"जय भीम," नानासो फाटकाशी उभे राहून म्हणाले. आवाज मोठा निघालाच नाही.

"जय भीम. या," म्हातारा म्हणाला.

आतून एक म्हातारी आणि तिच्या मागोमाग एक तरुण मुलगी बाहेर आली. धोंडिरामची बायको बाळाबाई आणि सून साक्षी. नानासो बाजेच्या कडेवर बसले. साक्षीने पाण्याचा तांब्या आणून दिला, नानासो घटाघटा प्यायले. उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती. बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि जरा खाली नारिंगी अंगरखा आणि पिवळं शिरस्त्राण घातलेल्या, डोळे बारीक करून हसणाऱ्या एका माणसाचा फोटो. फोटोला हार होता.

"बोटीच्या कंपनीकडनं आलायसा?" बाळाबाईंनी विचारलं.

"न्हाई. इस्लामपूरवरनं आलोय. मी वजनकाट्यावर असतो."

"आमचं मालक मुंबईला गोदीत हुतं बत्तीस वर्षं," बाळाबाई सहज म्हणाल्या. "त्येंच्यामुळंच पोराला बोटीचं याड लागलं."

साक्षी आत जाऊन एक प्लॅस्टिकची फाईल घेऊन आली. कुणीही परका माणूस आला की ती फाईल बाहेर निघत असणार, कारण तिने विचारलं नाही, सरळ एक कागद काढून नानासोंच्या हातात दिला.

"इंग्रजीत आहे," ती म्हणाली. "एकेक शब्द मोबाईलमध्ये बघून मी वाचलाय. समुद्र खवळला होता. बॅटरीचे डबे हलले तर पेटतील, म्हणून ह्यांना आणि अर्जुनाला सळया आवळायला पाठवलं. डाव्या अंगाच्या अर्जुनानं आवळायच्या, उजव्या अंगाच्या ह्यांनी. थर उजव्या अंगानं कोसळला. म्हणून लिहिलंय की ह्यांनी नीट आवळल्या नाहीत." तिने खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ. ह्यांचं नाव आहे बघा."

"अर्जुनाला बोटीवर चिकटवला हुता तो पन आमच्या राजानंच," बाळाबाई म्हणाल्या. "आता त्येची आई म्हनती, माझ्या पोराला नेऊन लंगडा केला. आमी काय म्हनायचं? कागदच तसा हाय."

नानासोंनी कागद परत दिला. येताना गाडीत त्यांनी बोलायचं सगळं मनात लावून ठेवलं होतं. सुरुवात कारखान्यापासून करायची, मग बांधणी म्हणजे काय ते, मग फॉर्म, मग इंग्रजी. आता त्यातलं काही आठवेना, आणि आठवलेलं सांगण्यासारखं वाटेना.

"सळया बरोबर आवळल्या हुत्या," ते म्हणाले. "वजन खोटं हुतं."

कागद फाईलमध्ये सरकवणारी साक्षी थांबली.

"त्या डब्यांचं वजन मी लिहिलं हुतं. एकेक डबा मी अडीच टनावर हलका दाखवला. म्हणून ते वर ठेवले. वर ठेवायचे नव्हते ते. सळया कितीबी आवळल्या असत्या तरी थांबलं नसतं. तुमच्या मुलाची काय चूक न्हाई. माझी हाय."

त्यांनी खिशातून सहा पावत्या काढून बाजेवर ठेवल्या. साक्षी त्या उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. म्हातारा धोंडिराम लिंबाच्या बुंध्याकडे बघत होता. आता शिव्या येतील, असं नानासोंना वाटलं. कुणी अंगावर धावून आलं तर हात वर करायचा नाही हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ते नुसतं ठरवलेलं होतं, त्याची भीती अशी वाटत नव्हती.

"परत सांगा," बाळाबाई म्हणाल्या.

नानासोंनी परत सांगितलं. तेच, तेवढंच.

"जरा मोठ्यानं. कमी ऐकू येतं."

नानासोंनी धोंडिरामकडे पाहिलं. गोदीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, कान गेले असतील. ते बाजेच्या कडेवर पुढे सरकले आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत मोठ्याने बोलले. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"आजून मोठ्यानं," बाळाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, फाटक उघडून दगडाने अडकवून ठेवलं आणि वाटेच्या मधोमध बोट दाखवलं. "हितं या. हितं उभं ऱ्हाऊन सांगा."

"आत्या," साक्षी म्हणाली.

"तू गप. ह्येंच्या तोंडानंच ऐकू दे."

नानासो उठले आणि वाटेवर जाऊन उभे राहिले. कारखान्याच्या काट्यावर, दोनशे बैलगाड्यांच्या गोंगाटात, शेवटच्या गाडीवानाला ऐकू जाईल असा नंबर ते पुकारायचे. तो आवाज त्यांनी निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत काढला नव्हता. आता त्यांनी छाती भरून घेतली.

"माझं नाव नानासो ज्ञानू थोरात!" ते ओरडले. "मी वजनकाट्यावर काम करतो! राजरत्न खरात ज्या डब्यांखाली गेला, त्येंचं वजन मी कमी लिवलं! सहा डबे! एकेका डब्यामागं दोन हजार सहाशे चाळीस किलो! राजरत्ननं सळया बरोबर आवळल्या हुत्या! त्येची चूक न्हाई! चूक माझी!"

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला आणि घशात काही तरी फाटल्यासारखं दुखलं. दहा दिवसांत पहिल्यांदा काही तरी दुखत होतं. विटांवरचं शेळीचं पिल्लू उडी मारून पळालं. दोन-तीन घरांतून बायका डोकावल्या, एक म्हातारा समाजमंदिराच्या कट्ट्यावरून उठून उभा राहिला. आता पुढे काय करायचं हे नानासोंना माहीत नव्हतं, म्हणून ते हात खाली सोडून तिथेच उन्हात उभे राहिले.

"बास झालं बाळे," मागून धोंडिराम अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "आयकलं लोकांनी."

नानासो वळले आणि म्हाताऱ्याजवळ आले. "आवं," ते पुटपुटले, स्वतःला जेमतेम ऐकू येईल एवढंच, "माफी मागायला तोंड न्हाई मला."

"माफीचं मागनं बघू," धोंडिराम म्हणाला.

म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. सुरुवातीपासून शाबूत होते. नानासोंनी बाळाबाईंकडे पाहिलं, पण त्यांचं इकडे लक्षच नव्हतं. त्या फाटकाला धरून समोरच्या बंद दाराकडे बघत उभ्या होत्या.

मग आतून कडी निघाल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. पंचविशीचा एक पोरगा दोन्ही काखांत कुबड्या घेऊन उंबऱ्यावर आला. एका पायाची विजार गुडघ्याच्या वर दुमडून पिन लावलेली होती. त्याच्या मागे त्याची आई पदर तोंडावर धरून उभी होती. अर्जुनाने कुबडी आधी पुढे टाकली, मग पाय, आणि सावकाश वाट ओलांडून तो फाटकापर्यंत आला. आईने त्याला हाक मारली नाही.

"किती म्हनला?" त्याने नानासोंना विचारलं.

"दोन हजार सहाशे चाळीस."

"एका डब्यात?"

"एका डब्यात."

"सहा डब्यांत." अर्जुना पुटपुटत हिशोब करू लागला आणि मध्येच थांबला. बोटीवर काम केलेल्या माणसाला पुढचा आकडा करायची गरज नव्हती. त्याने साक्षीच्या हातातल्या पावत्या घेतल्या. एकेक वाचत गेला, तसा त्याच्या कुबड्यांवरचा भार वाढत गेला. "आवं, मग तिथं आमी दोघं कशाला? धा जन असतं तरी..."

साक्षी त्याच्याकडे बघत होती.

"मी बोललो हुतो, वैनी," तो खाली बघत म्हणाला. "चौकशीवाल्यांनी फोनवर इच्यारलं, तवा मी म्हनलो हुतो, माझ्या अंगाच्या मी आवळल्या. त्येच्या अंगाचं मला म्हाईत न्हाई. एवढंच म्हनलो हुतो. पर म्हाईत हुतं मला. राजादा एकदा आवळून परत हात लावून बघायचा. दर डावाला. मी बघितलं हुतं."

बाळाबाईंनी फाटकावरचा हात काढला. अर्जुना आता पडेल असं वाटून नानासो पुढे झाले, पण धोंडिराम त्यांच्या आधी बाजेवरून उठला होता. म्हाताऱ्याने त्याच्या एका बगलेतली कुबडी काढून घेतली आणि तिच्या जागी आपला खांदा दिला. दोघे अंगण ओलांडून बाजेपर्यंत गेले. अर्जुना बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं.

साक्षीने फाईलमधला तो इंग्रजी कागद बाहेर काढला, पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवून नानासोंच्या पुढे धरला.

"आत्ता जे बोललात ते लिहून द्या," ती म्हणाली. "सगळं. मग खाली सही करा. मी पाठवते कुठं पाठवायचं ते."

"देतो."

"तुमची नोकरी जाईल."

"व्हय," नानासो म्हणाले.

त्यांना कुणी बसा म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. ते अर्धवट भिंतीपाशी गेले, वरची माती तळहाताने पुसली आणि कागद विटांवर ठेवून उभ्या उभ्याच लिहू लागले. पहिली ओळ वाकडी गेली. मागे बाजेवरून अर्जुनाचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मग वाटेपलीकडून चपलांचा आवाज जवळ आला आणि फाटकाशी येऊन थांबला. अर्जुनाची आई असणार. नानासोंनी वर बघितलं नाही.

"साक्षे," बाळाबाईंचा आवाज आला, "च्या टाक. आर्जुनाच्यात साखर जास्त लागती. त्येच्या आईसाठी पन टाक."